भाऊ तसे नाहीत

निवडणुकीच्या ऐन धामधुमीत माझी ट्यूबवेलची मोटार जळाली. केळीचं पाणी थांबवून चालत नाही, म्हणून ती तशीच रिक्षात टाकली आणि चाचांच्या दुकानात नेली. चाचा गेली तीस वर्षं आमच्या पंचक्रोशीच्या मोटारी भरून देतात. जळकी तार उपसायची, तांब्याच्या वजनाचा हिशेब करायचा, नवी तार भरायची, वार्निश द्यायचं. मी स्टुलावर बसलो होतो तेवढ्यात गल्लीत ट्रॅक्टर शिरला. ट्रॉलीवर दोन मोठे स्पीकर, वीस-पंचवीस पोरं, गळ्यात उपरणी. मशिदीपाशी ट्रॅक्टर जरा रेंगाळला आणि घोषणांचा आवाज चढला. कोणत्या घोषणा ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला त्या पाठ आहेत. चाचांनी उठून शटर अर्धं खाली ओढलं. ट्रॅक्टर वळणावरून पुढे गेल्यावर ते परत वर केलं, खाली बसले आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "पोरं आहेत, मास्तर. भाऊ तसे नाहीत."

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं आणि नंतर तर मोजायलाच लागलो. केळीच्या वखारीवर ऐकलं, तहसीलच्या आवारात ऐकलं, एका निवृत्त हेडमास्तरांच्या ओट्यावर ऐकलं. धुळ्याकडच्या माझ्या साडूंच्या तोंडी ते अहिराणीतून येतं, "भाऊ तसा नही शे." उमेदवार कोण, पक्ष कोणता, हे इथे सांगत नाही. खानदेशात विधानसभेचे २० मतदारसंघ आहेत, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला हे आपल्याच भाऊंबद्दल वाटणार याची मला खात्री आहे.

आमच्याकडे नेत्याला आडनावानं कुणी हाक मारत नाही. भाऊ, दादा, नाना, आप्पा, आबा, तात्या, बागलाणाच्या बाजूला जिभाऊ. माणूस एकदा दादा झाला की त्याचा पक्ष निम्मा विरघळतो. घरातल्या वडील माणसाला कोणी विचारसरणी विचारतं का? तो लग्नाला येतो, मयतीला येतो. चाचांच्या थोरल्या सुनेला बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा रात्री दोन वाजता भाऊंचाच फोन गेला होता आणि जळगावहून बाटल्या आल्या होत्या. ही गोष्ट खरी आहे, मी त्या रात्री तिथे होतो. ईदला भाऊ शीरखुर्मा प्यायला येतात तेही फोटोपुरतं येत नाहीत. दोन वाट्या पितात आणि तिसरी डब्यात मागतात.

म्हणून भाऊंचा सौम्यपणा हे नाटक आहे, असं मी म्हणणार नाही. शहरातली मित्रमंडळी फार चटकन 'मुखवटा' म्हणतात. मुखवटा म्हटलं की मागे एक खरा चेहरा आहे आणि तो आपल्याला दिसला आहे, असा दावा होतो. भाऊंच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, बहुधा वहिनींनाही ठाऊक नसेल. माझी तक्रार वेगळी आहे. भाऊंचा चांगुलपणा एका खात्यात जमा होतो आणि मत दुसऱ्याच खात्यातून खर्च होतं. रक्ताच्या बाटलीची कृतज्ञता आपण मतपेटीत टाकतो, आणि त्या मताच्या जोरावर सभागृहात जे होतं त्याचा रक्ताच्या बाटलीशी काही संबंध नसतो.

मग भाऊंचं सभागृहातलं वागणं पाहायचं कुठे? निवडणुकीआधी घरोघर त्यांचा 'कार्यअहवाल' आला होता. गुळगुळीत कागद, चाळीसेक पानं, प्रत्येक पानावर भाऊ नारळ फोडताना. हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, व्यायामशाळा, शिवाररस्ते, स्मशानभूमीचं शेड. आणि एका पानावर, मुद्दाम मोठा फोटो घालून, कब्रस्तानची संरक्षक भिंत. हेच ते सर्वसमावेशकतेचं पान. ते पान चाचांच्या दुकानात भिंतीला लावलेलंही होतं. अहवाल मी शेवटपर्यंत वाचला. पाच वर्षांत भाऊ सभागृहात कशाच्या बाजूनं बोलले, कशाच्या विरोधात बोलले, कोणत्या विधेयकावर गप्प बसले, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. भाऊंना दोष देत नाही, असा अहवाल काढणारा आमदार मी आजवर पाहिलेला नाही. आपणही मागत नाही.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात तरी काही सापडेल असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. बायकोच्या अंगावर किती तोळे आहेत तेही त्यात येतं. विचार मात्र त्यात कुठेच भरावे लागत नाहीत, आणि कायद्यानं ते भरायला लावूही नयेत. पण त्यामुळे होतं असं की, भाऊंच्या ट्रॅक्टरचं मॉडेल आम्हाला माहीत असतं आणि नागरिकत्वाच्या कायद्याबद्दल त्यांना काय वाटतं ते माहीत नसतं.

इथे आपल्या व्यवस्थेतली एक गाठ आहे. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठी ती आणली. आळा किती बसला ते महाराष्ट्रानं अलीकडे पाहिलंच आहे, त्यात शिरत नाही. पण या दुरुस्तीनं घटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. पक्षानं व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, काढला की आमदारानं किंवा खासदारानं त्याविरुद्ध मत देणं तर सोडाच, गैरहजर राहिलं तरी पद जाऊ शकतं. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचतो. व्हिप फक्त सरकार टिकण्याच्या प्रश्नापुरता ठेवावा, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच केली होती. ती कागदावर राहिली. त्यात बरीचशी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'होय'चं बहुमत झालं की झालं, कोण होय म्हणालं याची नोंद नाही.

म्हणजे भाऊ सभागृहात सौम्य आहेत की कडवे, याचा पुरावाच तयार होत नाही. पक्षाच्या प्रत्येक कायद्याला त्यांचं मत मिळतं, आणि गावात मात्र 'भाऊंच्या मनाला ते पटलेलं नव्हतं' असं सांगायची सोय राहते. व्हिपनं बांधलेला माणूस सौम्य असला काय आणि नसला काय, बटण एकच दाबतो. तेव्हा 'भाऊ तसे नाहीत' हे वाक्य खरं असूनही निकालावर त्याचा परिणाम शून्य असू शकतो. हे चाचांना कसं सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही.

निवडणुकीआधी विचार मवाळ करून सांगायची रीत मात्र आजची नाही, आणि ती एकाच बाजूची नाही. याचा एक फार मोठा प्रसंग आमच्याच मातीत घडला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेला मंडप, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू. आम्हाला शाळेत फैजपूर शिकवलं ते एवढंच. पुढचं मी नंतर वाचलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या अधिवेशनात नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला होता. मुंबईच्या उद्योगपतींनी त्यावर जाहीर निषेधाचं पत्रक काढलं, कार्यकारिणीतल्या जुन्या नेत्यांनी राजीनामे पुढे केले आणि मग मागे घेतले. काही आठवड्यांवर प्रांतिक निवडणुका आलेल्या. फैजपूरच्या अध्यक्षपदाच्या वेळी नेहरूंनी जाहीर केलं की माझी निवड म्हणजे समाजवादाला दिलेलं मत असं कोणी समजू नये. वल्लभभाईंनी आपलं नाव मागे घेतलं, पण घेताना हेही सांगितलं की नेहरूंची सगळी मतं मला मान्य आहेत असा याचा अर्थ नाही.

आता याला सौम्यपणाचं सोंग म्हणायचं का? मी म्हणणार नाही, आणि कारण सांगतो. नेहरूंनी त्याच निवेदनात समाजवाद ही आपली श्रद्धा आहे आणि तिचा रंग आपल्या सगळ्या कामाला आहे, हेही म्हटलं होतं. काय मानतो ते सांगितलं, आत्ता काय बाजूला ठेवतोय तेही सांगितलं. वल्लभभाईंनीही आपला मतभेद झाकला नाही. फैजपूरला जमलेल्या शेतकऱ्याला कळत होतं की या मांडवात दोन विचार आहेत आणि निवडणुकीपुरती एक मोळी बांधली आहे. मोळी उघड्यावर बांधली होती.

त्याच फैजपूरला मंत्रिपदं घ्यायची की नाही हा प्रश्नही निवडणुकीनंतरवर ढकलला गेला. नेहरू पदं घेण्याच्या विरोधात होते. मार्च १९३७ मध्ये काँग्रेसनं अटींसह पदं घ्यायचं ठरवलं, जुलैमध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शेतकरी-कामकऱ्यांच्या नावानं आलेल्या या सरकारनं १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणारा औद्योगिक कलह कायदा केला, आणि त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन मुंबईत संप झाला. प्रश्न लांबणीवर टाकणं आणि प्रश्न सोडवणं यातलं अंतर फैजपूरच्या मतदाराला वर्ष-दोन वर्षांत दिसलं. नेहरूंचा उघडेपणा मान्य करूनही हे मी त्यांच्या पक्षाच्या खात्यावर लिहितो.

आणखी एक वर्ष आमच्याकडचं, १९५७. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेत गेले. देशभरात जनसंघाचे तेव्हा चारच खासदार निवडून आले होते, त्यातले एक आमचे. त्याच निवडणुकीत पूर्व खानदेशानं नौशेर भरुचा या पारशी गृहस्थांना लोकसभेत पाठवलं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्रीखाली कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता आणि जनसंघही होता. कुणी आपला विचार सोडला नव्हता, मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत तो टांगून ठेवला होता. माझे वडील सांगायचे, धुळ्याच्या मतदारानं जनसंघाला मत दिलं नाही, मुंबईला दिलं. असेल. पण लोकसभेत गेले ते जनसंघाचे उत्तमराव, आणि त्यात त्यांची काही लबाडी नव्हती, सगळ्यांना ते ठाऊक होतं.

टांगून ठेवण्याचं आम्हा शेतकऱ्यांना नवल नाही. पेरणी झाली की पाभर खळ्यात आढ्याला टांगतो. पाभर टांगलेली दिसली म्हणून या माणसानं शेती सोडली, असं कोणी म्हणत नाही. मृगाची वाट पाहत ती तिथे असते.

१९९८ साली वाजपेयींच्या सरकारसाठी मित्रपक्षांना बरोबर घेताना भाजपनं तीन विषय बाजूला ठेवले. राममंदिर, ३७० कलम आणि समान नागरी कायदा. आघाडीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते, पक्षाच्या जाहीरनाम्यात होते. आमच्या गावातले कितीतरी जुने काँग्रेसवाले तेव्हा म्हणायचे, 'माणूस चांगला, पक्ष चुकीचा', आणि तेच मत वाजपेयींनी मिळवलं. ५ ऑगस्ट २०१९ ला ३७० कलम निष्प्रभ झालं. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला. या तिन्ही गोष्टी चांगल्या की वाईट, यावर माझ्या घरातही दोन मतं आहेत, आणि या लेखाला ते ठरवायची गरज नाही. ज्यांना त्या हव्या होत्या त्यांनी पाभर कधीच विसरली नव्हती. विसरले होते ते 'आता पक्ष मवाळ झाला' असं समजून मत दिलेले. त्यांना कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. जाहीरनामा छापलेला होता, त्यांनी माणूस वाचला आणि कागद वाचला नाही.

हे सगळं आठवायचं कारण २०२४. त्या वर्षीच्या लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे होत्या, मुस्लिमबहुल मालेगाव मध्यनं त्यांना तारलं. या निकालाचा दाखला देत देवेंद्र फडणवीसांनी 'व्होट जिहाद' हा शब्द वापरला, आणि तो विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत गाजला. मग ८ नोव्हेंबरला धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांनी 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा दिली. त्यांचं बोलणं जातीजातींत फूट पाडली जातेय या अंगानं होतं. पण योगी आदित्यनाथांचं 'बटेंगे तो कटेंगे' तोवर गावोगाव पोचलेलं होतं, आणि आमच्या चौकात दोन्ही घोषणा एकाच फ्लेक्सच्या दोन टोकांना होत्या.

याच वेळी महायुतीतले काही नेते वेगळं बोलले. अजित पवारांनी सांगितलं की असलं महाराष्ट्रात चालणार नाही, हा शाहू-फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र आहे. अशोक चव्हाणांनीही नापसंती दाखवली. पंकजा मुंडेंनी आधी नापसंती दाखवली, मग आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं सांगितलं. फडणवीसांचं उत्तर असं होतं की अजितदादा कित्येक वर्षं दुसऱ्या विचारांच्या लोकांत राहिले, त्यांना लोकांची भावना समजायला वेळ लागेल.

मला त्या आठवड्यात या सगळ्यांत फडणवीसांचं बोलणं जास्त सरळ वाटलं, पटलं नाही तरी. कारण बाकीच्यांच्या नापसंतीनं बदललं काय? घोषणा थांबली नाही, युती मोडली नाही, एक उमेदवारी मागे घेतली गेली नाही. ज्यांना घोषणा हवी होती त्यांना घोषणा मिळाली, ज्यांना ती टोचत होती त्यांना 'दादा तसे नाहीत' हे समाधान मिळालं. एकाच मांडवात दोन पंगती, एक तिखट, एक सपक, आणि आहेर एकाच पेटीत. निकाल लागला तेव्हा खानदेशातल्या २० पैकी १९ जागा महायुतीकडे होत्या. जळगावच्या अकराच्या अकरा, धुळ्याच्या पाचही, नंदुरबारच्या चारातल्या तीन. नवापूर तेवढं काँग्रेसकडे राहिलं. घोषणेमुळे किती मतं आली आणि लाडक्या बहिणीमुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. पण नापसंती दाखवणाऱ्यांनी नापसंत गोष्टीचा वाटा परत केला नाही, एवढं मला दिसतं.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनी एवढ्यात टाळी वाजवू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांची ग्वाही होती. पुढच्याच महिन्यात नागरिकत्व दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा शिवसेनेनं लोकसभेत बाजूनं मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. दोन सभागृहांत दोन भूमिका. पुढे २०२० मध्ये राज्यपाल कोश्यारींनी 'तुम्ही सेक्युलर झालात का?' असं खोचकपणे पत्रातून विचारलं, तेव्हा उद्धव ठाकरेंनी बाणेदार उत्तर दिलं की माझ्या हिंदुत्वाला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही. त्या उत्तराला आम्ही सगळ्यांनी दाद दिली, पण प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतंच. जून २०२२ मध्ये सरकार पडताना शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचा निर्णय झाला, आणि त्या बैठकीत काँग्रेस-राष्ट्रवादीचे मंत्रीही होते. जुलै २०२५ मध्ये कडव्या डाव्या संघटनांवर बंदी घालू देणारं जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. बाहेर रस्त्यावर त्याविरुद्ध मोर्चे काढणारे पक्ष सभागृहात होते, पण स्पष्ट विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या विनोद निकोले या एकट्या आमदारानं. विधान परिषदेत दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभात्याग केला. एका दिवसानं शहाणपण आलं असेल तर आनंदच आहे.

तर हा रोग एका पक्षाचा नाही. आणि आमच्या खानदेशात तर पक्ष या शब्दालाच धार उरलेली नाही. मुक्ताईनगरच्या एका घरात सून भाजपची केंद्रीय राज्यमंत्री, सासरे चाळीस वर्षं भाजपमध्ये काढून राष्ट्रवादीत आलेले, कन्या शरद पवारांच्या पक्षात. यात बेकायदेशीर काही नाही, घरात ज्याचं त्याचं मत असू शकतं. पण अशा मतदारसंघात एखाद्यानं विचार पाहून मत द्यायचं ठरवलं तर त्यानं पाहायचं कुठे? तो माणूस पाहतो. भाऊ पाहतो. त्याच्यावर हसायला मी तयार नाही.

माझे हेडमास्तर मित्र यावर एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, माणसं बदलतात. निवडणुकीसाठी घातलेला सौम्यपणा रोज घालून अंगवळणी पडतो. मतांसाठी का होईना, भाऊ दर्ग्यावर चादर घेऊन जातात, म्हणून त्यांच्या पोरांना दर्ग्यावर दगड टाकायला जड जातं. २००८ आणि २०१३ साली धुळे पेटलं. जानेवारी २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. त्या दिवसांत ज्या गल्ल्या शांत राहिल्या त्या असल्याच कुठल्यातरी भाऊ-दादांच्या जुन्या ओळखीवर राहिल्या, असं ते सांगतात. खरं असावं. खोटा सौम्यपणा उघड विखारापेक्षा बरा, हे मीही मान्य करतो. शटर अर्धं ओढावं लागणं हे पूर्ण ओढावं लागण्यापेक्षा बरंच.

पण बदललेला माणूस ओळखायचा कसा? मला एकच खूण माहीत आहे आणि तीही आमच्याच भागातल्या माणसानं घालून दिलेली. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे सानेगुरुजी काँग्रेसचे होते, फैजपूरच्या अधिवेशनासाठी राबले होते. १ मे १९४७ ला पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, वेळ अवघड. खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवायला कळवलं होतं. गुरुजी थांबले नाहीत. दहा दिवसांनी प्रश्न सुटला, मंदिर खुलं झालं. आपल्याच माणसांची नाराजी त्यांनी पत्करली, आणि तेही ज्या दिवशी पत्करायची त्या दिवशी.

भाऊंनी सानेगुरुजी व्हावं असं मी म्हणत नाही, केळीच्या राजकारणात ते परवडणारं नाही. मी इतकंच शोधतो की सौम्यपणासाठी भाऊंना कधी काही पडलं का. एखादी तारीख, जेव्हा पक्षाचा ट्रॅक्टर एका बाजूला होता आणि भाऊ दुसऱ्या बाजूला उभे राहिले. एखादं तिकीट गेलं, एखादी समिती गेली, वरिष्ठांचा फोन आला आणि भाऊंनी उचलला नाही. बैठकीत म्हटलं ते बाहेर येऊन म्हटलं. कब्रस्तानच्या भिंतीला आमदार निधी लागतो, तो सरकारचा असतो. शीरखुर्म्याला तर काहीच लागत नाही. हे लिहिताना मला चाचांच्या सुनेची ती रात्र आठवते आणि मी थोडा ओशाळतो. पण त्या रात्रीही भाऊंच्या विरोधात कोणी नव्हतं.

मतदानाच्या चार दिवस आधी भाऊंनी शेतात भरीत ठेवलं होतं. नोव्हेंबरची थंडी, मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. एकीकडे बायका साल काढतायत, दुसरीकडे दोघं जण लाकडी मुसळांनी वांगं-मिरची ठेचतायत, वर कच्च्या तेलाची धार, सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी. तीनशे माणूस तरी असेल. खर्च कोणाच्या नावावर दाखवला ते निवडणूक आयोगाला माहीत. भाऊ पंगतीत फिरून वाढत होते, आमच्या ताटापाशी आले. मी विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडून निघालं. "भाऊ, परवा मोटारीच्या दुकानाच्या गल्लीत ट्रॅक्टर थांबला होता. पोरांना तुम्ही काही बोललात का?"

भाऊंनी मोठा चमचा तसाच धरला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट दुखावल्यासारखं काहीतरी होतं. आजूबाजूचे दोघं-चौघं जेवायचे थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही मला ओळखता ना?"

ओळखतो, म्हणालो. वीस वर्षं ओळखतो. त्यांनी माझ्या ताटात भरीत वाढलं, वरून कांद्याची पात घातली आणि पुढच्या ताटाकडे वळले.